लाज रिपोर्टात उतरते

लघवीवर ताबा राहत नाही ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्याची पहिली अडचण अशी, की ज्या त्रासासाठी जायचे तोच त्रास जाण्याच्या आड येतो. घरी मोरी हाताशी असते, कपडे बदलता येतात, कुणाला कळत नाही. रुग्णालयात जायचे म्हणजे अर्धा दिवस घराबाहेर, अनोळखी माणसांच्या रांगेत, बाकावर अंग चोरून बसायचे आणि शेवटी तपासणीच्या टेबलावर कपडे सैल करून झोपायचे. यातल्या कुठल्याही टप्प्यावर फजिती होऊ शकते, म्हणून माणसे आपापल्या परीने तयारी करतात. आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. लघवी होण्यासाठी दिलेली गोळी त्या दिवशी घेत नाहीत. जुन्या लुगड्याची घडी किंवा पॅड लावून, स्वच्छ होऊन जातात आणि डॉक्टरांनी ‘आणखी काही त्रास?’ असे विचारले की मान हलवून नाही म्हणतात. आपण याला संकोच म्हणतो आणि तो रुग्णाचा स्वभाव समजून सोडून देतो. पण हा संकोच तपासणीच्या निकालात उतरतो. त्याने आकडे बदलतात, निदान चुकते, कधी औषधही चुकते. म्हणून रुग्णाची लाज सांभाळणे हा रुग्णालयाच्या सौजन्याचा प्रश्न नसून तपासणीच्या अचूकपणाचा प्रश्न आहे, आणि त्याची व्यवस्था स्टेथोस्कोपइतक्याच गांभीर्याने व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

हे कसे घडते ते एकेक करून पाहू. पाणी तोडून आलेल्या वयस्क माणसाच्या रक्तात क्रिएटिनिन आणि युरिया वाढलेले दिसू शकतात. मूत्रपिंड बिघडल्याची शंका येते, पुढच्या तपासण्या लागतात, आणि मूळ कारण एवढेच असते की या माणसाने काल संध्याकाळपासून घोटभर पाणी घेतलेले नाही. शिवाय पाणी तोडल्याने मूळ त्रास कमी होत नाही. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला टोचते आणि घाई वाढते. मल कडक होतो, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. रक्तदाबाचेही तसेच. भरलेल्या मूत्राशयाने रक्तदाबाचा आकडा वर जातो, म्हणून मोजण्यापूर्वी रुग्णाने लघवी करून यावे, असे रक्तदाब मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीतच सांगितलेले आहे. आपला नंबर जाईल या धास्तीने तासभर धरून बसलेल्या माणसाचा रक्तदाब मोजला तर तो खरा कसा येणार? त्यात सकाळची फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी प्रवासाच्या भीतीने चुकवलेली असली, तर पायाची सूज आणि धाप दोन्ही जास्त दिसतात. डॉक्टरांना वाटते औषध पुरत नाही, ते मात्रा वाढवतात. वाढलेली गोळी घरी गेल्यावर लघवीची घाई आणखी वाढवते. पुढच्या तारखेला रुग्ण ती गोळीही चुकवतो. या फेऱ्यात कुणीही खोटे बोललेले नसते. फक्त एक वाक्य कुणी विचारलेले नसते आणि कुणी सांगितलेले नसते.

मुंबईतल्या शिवडी-परळच्या पट्ट्यात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा दाट आहे, आणि त्याची कारणे या भागात कुठले रुग्ण येतात त्यात आहेत. शिवडीत महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे, देशातल्या मोठ्या क्षयरोग रुग्णालयांपैकी एक. क्षयाचा आणि लघवीचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. संबंध चार बाजूंनी आहे. पहिला खोकल्याचा. प्रत्येक ढासेसरशी पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर येतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणांनी किंवा वयाने सैल झालेले असतील तर थेंब निसटतात. महिना-महिना खोकणाऱ्या बाईला हे चुकत नाही. दुसरा संबंध औषधाचा. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन लघवीला नारिंगी-तांबूस रंग आणते. ते निरुपद्रवी असते, पण एरवी पाण्यासारखा वाळून जाणारा डाग आता फिक्या कपड्यावर उठून दिसतो. रंगाची कल्पना कुणी आधी दिली नसेल तर रक्त जातेय असे वाटून माणूस घाबरतो, आणि गळतीची सवय असलेला माणूस घराबाहेर पडणेच टाळतो. औषध घेण्यासाठी नियमाने यावे लागणाऱ्या आजारात हे टाळणे महाग पडते. तिसरा संबंध मूत्रमार्गाच्या क्षयाचा: त्यात मूत्राशय आकसून त्याची धारणक्षमता फार कमी होऊ शकते. निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते; आकसलेल्या मूत्राशयाला थोडीशीही जड जाते, आणि तासाला दोनदा उठणे भाग पडते. चौथा, आणि सगळ्यांत गंभीर, मणक्याच्या क्षयाचा. त्याकडे शेवटी येऊ.

शिवडीहून दोन-तीन किलोमीटरच्या आत परळची मोठी रुग्णालये आहेत. १९२६ साली सुरू झालेले केईएम, त्याच वर्षीचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९४१ सालचे टाटा मेमोरियल. या तिन्हींच्या कामाशी गळतीचा थेट संबंध आहे. अवघड बाळंतपणानंतर तळाचे स्नायू आणि नसा ताणल्या जातात, क्वचित मलद्वाराचा स्नायू फाटतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या नसांना धक्का लागू शकतो, आणि किरणोपचारांनी मूत्राशय व गुदाशय दोन्ही चिडचिडे होतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्या पुरुषांना पहिले काही महिने लघवी रोखणे कठीण जाते. बहुतेकांचा ताबा वर्षभरात बराचसा परततो, पण मधल्या तपासण्यांच्या तारखा याच महिन्यांत येतात. म्हणजे ज्या रुग्णांना सर्वांत जास्त वेळा यायचे असते, त्यांनाच येणे सर्वांत कठीण. आणि हे रुग्ण केवळ शिवडी-लालबागचे नसतात. रायगड, रत्नागिरी, नगर, विदर्भ, थेट बिहार-बंगालपासून माणसे इथे येतात. उपनगरी लोकलमध्ये शौचालय नसते. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून सुरू झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे. मूत्राशयाची घाई सांगून येत नाही. तिला पुलाचे दुसरे टोक दिसत नसते.

राहत्या घराची रचनाही यात मोजायला हवी. शिवडीला बीडीडी चाळी आहेत, १९२० च्या दशकात बांधलेल्या, बंदराच्या जमिनीवर उभ्या. बीडीडीची खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. अशा ठिकाणी मूत्राशय ठीक असूनही गळती होऊ शकते, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला गॅलरीच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो. वैद्यकशास्त्र याला वेगळा प्रकार मानते: शरीराच्या इतर अडचणींमुळे वेळेवर पोचता न येणे. त्याचा उपाय गोळीत नसतो. खाटेजवळचे भांडे, हाताला धरायची दांडी, रात्रीचा दिवा हे त्याचे उपाय. डॉक्टरांना हे कळायचे तर घर कसले आहे ते विचारायला हवे, आणि रुग्णाने ते न लाजता सांगायला हवे. बाहेरच्या शौचालयांची गोष्ट मुंबईत निदान बोलली गेली आहे. २०११ पासून कोरो आणि इतर अनेक संस्थांच्या कार्यकर्त्या बायकांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली; पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय त्यांनी वेशीवर टांगला. ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालये उभारण्याबाबत सविस्तर आदेश दिले. रस्त्यावरच्या बाईचा हक्क इतका स्पष्ट झाला असताना रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बाईचा हक्क ‘नंबर जाईल’ या दोन शब्दांपाशी अडावा, हे मला पटत नाही.

आता पहिला आक्षेप. वय झाले की हे व्हायचेच, त्याचा एवढा बाऊ कशाला? हा आक्षेप घरातली माणसे घेतात, रुग्ण स्वतः घेतात, कधीकधी डॉक्टरही घेतात. तो चुकीचा आहे. सर्रास आढळणे वेगळे आणि उपायच नसणे वेगळे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडले. त्यावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली जो आढावा घेतला, त्यात खोकताना-शिंकताना गळती होणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम शिकवलेल्या गटात ५६ टक्के बऱ्या झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. न शिकवलेल्या गटात ६ टक्के. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ३३८ स्थूल स्त्रियांना घेतले होते. ज्यांचे वजन सरासरी आठ टक्के उतरले, त्यांच्या गळतीचे प्रसंग सहा महिन्यांत जवळपास निम्म्यावर आले. घाईच्या गळतीवर ठरावीक वेळाने लघवीला जाऊन अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव आहे, औषधे आहेत. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि त्यातून गळती होते. तिथे गोळी बदलली की काम होते. इतके उपाय असताना किती जण डॉक्टरांना सांगतात? नॉर्वेत सुमारे अठ्ठावीस हजार स्त्रियांच्या पाहणीत चौघींतल्या एकीला गळती होती, आणि तसा त्रास असलेल्यांपैकी साधारण चौथाईच डॉक्टरांशी बोलल्या होत्या. हा समृद्ध, सरकारी आरोग्यसेवा असलेला देश. आपल्याकडे, जिथे सुनेच्या किंवा मुलाच्या देखत केस सांगावी लागते, तिथे गप्प राहणाऱ्यांचे प्रमाण कमी असेल असे मानायला जागा नाही.

या गप्पपणाचे वैद्यकीय नुकसान समजून घ्यायचे तर एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा त्रास एकच नाही. खोकताना, उठताना, ओझे उचलताना गळणे हा एक प्रकार. अचानक घाई लागून पोचेपर्यंत होणे हा दुसरा. आणि मूत्राशय कधी पुरते रिकामेच न झाल्याने भरून वाहणे हा तिसरा, जो वाढलेल्या प्रोस्टेटच्या पुरुषांत आणि जुन्या मधुमेहात दिसतो. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय सैल करणारी गोळी देतात. तीच गोळी तिसऱ्या प्रकारात दिली तर लघवी साफ अडकू शकते. ‘लघवीचा जरा त्रास आहे’ एवढ्या मोघम वाक्यावरून डॉक्टर हा फरक करू शकत नाहीत. म्हणून कधी कधी ते मूत्राशय भरलेले असताना रुग्णाला खोकायला सांगतात. तेव्हा थेंब निसटले तर ते निदान असते. रुग्ण मात्र नेमके तेव्हाच सगळे बळ एकवटून रोखून धरतो, किंवा आधीच चारदा जाऊन मूत्राशय कोरडे करून आलेला असतो. या तपासणीत ओले होणे अपेक्षित आहे, खाली कापड घातलेले आहे, आणि झाले तर आम्हाला उपयोगच होईल, हे वाक्य तपासणीपूर्वी बोलायला दहा सेकंद लागतात. ते न बोलल्याने तपासणी वाया जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लाज ही संस्कारातून आलेली, शतकांची; एक रुग्णालय ती कशी बदलणार? याला मुंबईचाच इतिहास उत्तर देतो. १८८० च्या दशकात इथल्या बहुसंख्य बायका पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला तयार नसत, आणि बाया हट्टी आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बेंगाली यांनी तसे केले नाही. त्यांनी निधी उभारला, इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना बोलावले, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये स्त्री डॉक्टरांनी चालवायचे कामा रुग्णालय उघडले. बायकांची लाज तशीच होती, रुग्णालय बदलले, आणि बायका आल्या. दुसरे उदाहरण परळचेच. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठी चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी गर्भाशयमुख साध्या पातळ ॲसेटिक ॲसिडने तपासले. २०१३ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा, की तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. इतकी खाजगी तपासणी वस्तीतल्या बायका करून घेतात, ती का? तपासणारी बाई आपल्यासारखी होती, ठिकाण जवळ होते, आणि आधी सगळे समजावून सांगितलेले होते. शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलणे हेसुद्धा याच शहरात आधी होऊन गेले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या मानाने ‘लघवी गळते का?’ हा प्रश्न फारच साधा आहे.

तिसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत एका डॉक्टरसमोर दिवसाला किती माणसे येतात हे तिथे एकदा गेलेल्यालाही ठाऊक असते. एका खोलीत दोन-तीन टेबले, दारात घोळका, आतला रुग्ण बोलतोय आणि पुढचा ऐकतोय. अशा ठिकाणी निवांत संभाषणाची अपेक्षा धरणे डॉक्टरांवरही अन्याय आहे. पण मी सुचवतो त्यातल्या बहुतेक गोष्टींना डॉक्टरांचा वेळ लागत नाही. केस पेपरसोबत एक चिठ्ठी देता येते: गेल्या तीन महिन्यांत थेंबभर तरी लघवी नकळत झाली का, कधी झाली, खोकताना की घाई लागल्यावर, त्यातले जास्त वेळा कुठले. अशा तीन प्रश्नांची पद्धत २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासून प्रसिद्ध केली आहे, आणि गळतीचा प्रकार ओळखायला प्राथमिक पातळीवर ती पुरते. वाचता न येणाऱ्यांना सिस्टर किंवा आशा सेविका बाजूला घेऊन विचारू शकतात. डॉक्टर नातेवाइकांना ‘दोन मिनिटे बाहेर थांबा’ म्हणू शकतात आणि प्रत्येकालाच म्हणायचा नियम केला तर कुणा एकीवर बोट ठेवल्यासारखे होत नाही. आणि बाकापाशी उभ्या असलेल्या मावशींनी किंवा मामांनी एवढेच म्हणावे: ‘काका, लघवीला जाऊन या, तुमचा नंबर जाणार नाही.’ या एका वाक्याने रक्तदाब जास्त खरा मोजला जाईल. कायद्याचा आधारही आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी रुग्णालयांत वेगळी रांग ठेवावी, असे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या विसाव्या कलमात म्हटले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत गोपनीयता, प्रतिष्ठा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क नोंदलेला आहे. पडदा मागणे हा रुग्णाचा नखरा नाही.

सोनोग्राफीचा वेगळा विचार करायला हवा, कारण तिथे रुग्णालय स्वतःच मूत्राशय भरायला सांगते. पोटावरून गर्भाशय किंवा प्रोस्टेट पाहताना भरलेले मूत्राशय खिडकीसारखे काम करते. त्याच्याआडून मागचे अवयव स्पष्ट दिसतात. म्हणून ‘भरपूर पाणी प्या, लघवी करू नका’ ही सूचना बरोबर आहे. चूक वेळेत आहे. सकाळी सगळ्यांना एकदम पाणी प्यायला सांगून नंबर दुपारी लावला, तर गळतीचा रुग्ण ते धरू शकणार नाही. तो एकतर भिजेल, नाहीतर गुपचूप जाऊन येईल आणि चित्र अस्पष्ट येईल, पुन्हा तारीख पडेल. अशा रुग्णाने नोंदणीच्या वेळीच सांगावे की मला धरवत नाही, आणि तिथल्या माणसाने त्याला नंबर जवळ आल्यावर पाणी द्यावे. खूपच असह्य झाले तर तंत्रज्ञाला सांगून पाहावे. कित्येकदा थोडी लघवी करून आले तरी काम भागते. योनिमार्गातून केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीला मूत्राशय रिकामेच लागते, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते हे पाहणारी तपासणी तर जाऊन आल्यावरच होते. सगळ्याच सोनोग्राफीला पोट फुगेपर्यंत पाणी लागते असा समज आहे, तो खरा नाही. म्हणून आपली कुठली आहे ते आधी विचारून घ्यावे.

रुग्णाने स्वतः काय करावे हे सांगताना मला थोडी चिंता वाटते, कारण अशा सल्ल्यांतून सगळा भार पुन्हा त्याच्याच अंगावर येतो. तरी व्यवस्था बदलेपर्यंत तारीख थांबत नाही. पाणी तोडू नये. दिवसभराचे नेहमीइतकेच प्यावे, फक्त निघण्याआधीच्या तासा-दोन तासांत एकदम तांब्याभर पिऊ नये, चहा-कॉफी त्या सकाळी कमी करावी. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने चुकवू नये. त्या दिवशी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना मागच्या भेटीतच विचारून ठेवावे, आणि चुकवलीच असेल तर तसे सांगावे. तीन दिवस एका वहीत लिहावे: किती वाजता गेलो, साधारण किती झाली, किती वेळा गळाली, तेव्हा काय करत होतो. ही वही पुढे केली की तोंडाने फारसे बोलावे लागत नाही, आणि डॉक्टरांना ती कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते. मासिक पाळीचे पॅड लघवीसाठी बनवलेले नसतात, एकदम आलेली लघवी त्यांत शोषली जात नाही. त्यासाठीचे वेगळे पॅड मिळतात. गडद रंगाचे कपडे, एक जादा जोड, घट्ट बंद होणारी पिशवी. बाकावर बसताना शौचालय कुठे आहे ते आधी पाहून घ्यावे. घाई लागली तर धावू नये, धावल्याने दाब वाढतो. जागीच थांबून तळाचे स्नायू पाच-सहा वेळा आवळावेत, लाट ओसरली की चालत जावे. खोकला किंवा शिंक येतेय असे वाटताच आधी ते स्नायू आवळून धरण्याची युक्ती एका आठवड्याच्या सरावानेही गळती कमी करते, असे १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले होते. क्षयाने खोकणाऱ्या बायकांना ती कुणीतरी शिकवायला हवी. डायपर लावून जा, एवढाच सल्ला काही घरांत मिळतो. एका दिवसाच्या प्रवासासाठी तो ठीक आहे. उपचार म्हणून ठीक नाही, कारण डायपरने त्रास झाकला जातो आणि महिनोन्‌महिने ओल्या राहिलेल्या कातडीचे आजार वर चढतात.

पुरुषांविषयी आणि मलाच्या गळतीविषयी लिहिल्याशिवाय हा विषय अर्धाच राहील. पुरुष प्रोस्टेटबद्दल बोलतात, धार बारीक झाल्याचे सांगतात. पॅन्ट ओली होते हे सांगत नाहीत. पत्नी सोबत असेल तर कधी तीच सांगते, म्हणून नातेवाइकांना बाहेर थांबवण्याचा नियम करताना त्यांना नंतर आत घेण्याचीही सोय हवी. मल न थांबणे याबद्दल तर कोणीच बोलत नाही. लघवीबद्दल विचारल्यावरही ते आपोआप सांगितले जात नाही, वेगळे विचारावे लागते. बाळंतपणात फाटलेला स्नायू, किरणोपचार, जुना मधुमेह, आणि म्हाताऱ्या माणसांत उलट बद्धकोष्ठामुळे साठलेल्या कडक मलाच्या बाजूने पातळ झिरपणे, ही त्याची कारणे, आणि यांतल्या बहुतेकांवर काही ना काही करता येते. शेवटच्या प्रकारात लोक जुलाब समजून जुलाब थांबवणारे औषध घेतात, त्याने अडकलेला मल आणखी अडकतो.

आणि काही वेळा तारखेची वाट पाहायची नसते. लघवीतून रक्त गेले, ताप-थंडीसह जळजळ सुरू झाली, किंवा लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगले, तर त्याच दिवशी दाखवावे. पाठ किंवा मान दुखत असताना पायांतली ताकद कमी होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, आणि त्याबरोबर लघवी किंवा मलावरचा ताबा गेला, तर मज्जारज्जूवर किंवा त्याच्या खालच्या नसांवर दाब येत असल्याची ती खूण असते. मणक्याचा क्षय आणि मणक्यात पसरलेला कर्करोग या दोन्हींत असे होऊ शकते, आणि या दोन्ही आजारांचे रुग्ण शिवडी-परळच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करतात. या दाबावरचा उपचार जितका लवकर, तितकी पायांची आणि मूत्राशयाची ताकद परत येण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर ती कायमची जाऊ शकते. अशा वेळी ओपीडीच्या रांगेत उभे न राहता थेट कॅज्युअल्टीत जावे. तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे की पायांत जोर नाही आणि लघवीवरचा ताबा गेलाय, आणि तो केव्हापासून गेलाय.